न्हाऊ घालणारे हात

मुलांना आधी फराळ आठवतो, मग फटाके. पण खरे पाहिले तर आपल्या दिवाळीचा आरंभ अंघोळीने होतो. नरक चतुर्दशीच्या पहाटे, चांदण्या अजून आकाशात असताना, कुडकुडत पाटावर जाऊन बसायचे. आईने टाळूवर कोमट तेल थापायचे, पाठीला उटणे चोळायचे, ओवाळायचे, आणि मग पायाखाली कारीट फोडून घरात पळायचे. एरवी वर्षभर आपण अंघोळ करतो. त्या पहाटे मात्र कोणीतरी आपल्याला अंघोळ घालते. ‘करणे’ आणि ‘घालणे’ या दोन क्रियापदांत केवढे अंतर आहे, हे मला पन्नाशी उलटून गेल्यावर उमगले. ते कसे, तेच आज सांगायचे आहे.

मी बीड जिल्ह्यातला. तीसेक वर्षे शाळेत इतिहास शिकवला. दर वर्षी मुलांना घेऊन बीडजवळच्या खजाना विहिरीवर जायचो. निजामशाहीच्या काळात, 16व्या शतकाच्या उत्तरार्धात, सलाबतखानाने ही विहीर बांधवली. तिचे पाणी भुयारी मार्गाने दूरवरच्या शेतांना आणि बागांना जात असे. आमच्यासारख्या अवर्षणी मुलखात पाण्याला ‘खजिना’ म्हणणारा माणूस मोठा जाणता असला पाहिजे, असे मी मुलांना सांगे. राक्षसभुवनची लढाई तर मला तोंडपाठ. 10 ऑगस्ट 1763 रोजी गोदावरीच्या काठी माधवराव पेशव्यांनी निजामाची फौज गाठली आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथे पडला. माझ्या आईचे माहेर त्याच बाजूचे, गोदाकाठचे. लढाई कुठे झाली असेल, हे मी तिला कितीदा विचारले. पण त्या काठावर तू न्हायची कशी, हे कधी विचारले नाही. इतिहास म्हणजे फौजांचा, असे आम्हां मास्तरांच्या डोक्यात बसलेले. घराच्या न्हाणीला इतिहास असतो, हे मला शिकवले ते माझ्या मायने, आणि तेही ती माझे नाव विसरल्यानंतर.

मायचा जन्म 1938 च्या आसपासचा. रझाकारांच्या धामधुमीत ती दहा वर्षांची होती. 17 सप्टेंबर 1948 ला निजामी राजवट संपली तेव्हा गावात गूळ वाटला, ही तिची आवडती आठवण. 2016 च्या उन्हाळ्यापासून तिचे काही तरी बिनसले. भाजीत दोनदा मीठ पडू लागले. गेलेल्या माणसांसाठी ती ताट वाढू लागली. “साठी बुद्धी नाठी” अशी आपल्याकडे म्हणच आहे, म्हातारचळ हा शब्दही तयार आहे. त्यामुळे आम्ही दोन वर्षे हसण्यावारी नेले. पुढे अंबाजोगाईला डॉक्टरांना दाखवले, तेव्हा स्मृतिभ्रंशाचा आजार म्हणून निदान झाले.

या आजाराचे सर्वांत ठाऊक असलेले नाव अल्झायमर. आलोइस अल्झायमर या जर्मन वैद्याने 1901 साली फ्रांकफुर्टच्या इस्पितळात आउगुस्टे नावाची 51 वर्षांची एक बाई तपासली. तिला आपले नाव सांगता येई, पण ते लिहायला घेतले की हात मध्येच थांबे. 1906 मध्ये ती वारली. तिच्या मेंदूची तपासणी करून त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्झायमरने आपले निष्कर्ष विद्वानांच्या सभेत मांडले. 1910 मध्ये क्रेपेलिन या त्याच्या वडीलधाऱ्या सहकाऱ्याने या व्याधीला त्याचे नाव दिले. आपल्या देशात 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीचा अंदाज असा की, साठीपुढच्या माणसांपैकी शेकडा 7.4, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली आहेत. पुरुषांपेक्षा बायका जास्त, आणि शहरांपेक्षा खेडी जास्त. तेव्हा ही गोष्ट माझ्या एकट्याच्या घरची नव्हे. वाचकांपैकी कितीतरी जणांच्या घरी ओसरीवर अशी एखादी माय बसलेली असेल.

नाव विसरले, गाव विसरले, याचे दुःख होते. पण त्याने घर अडत नाही. घर अडते ते अंघोळीपाशी. 2018 च्या पावसाळ्यानंतर मायने अंघोळ नाकारायला सुरुवात केली. जन्मभर पहाटे अंघोळ केल्याशिवाय चुलीला हात न लावणारी बाई! “झाली माझी आंगूळ,” असे ती ठणकावून सांगे. केसांच्या जटा झाल्या, लुगड्याला वास येऊ लागला. माझी पत्नी हरतऱ्हेने विनवी, “आत्याबाई, पाणी काढलंय.” माय तोंड फिरवून बसे.

एकदा चार दिवस अंघोळ नव्हती आणि घरी पाहुणे यायचे होते. माझा धीर सुटला. मी तिचे मनगट धरले, नव्या बाथरूममध्ये नेले, दार लावून घेतले आणि पत्नीला तिचे लुगडे सोडायला लावून, पाठमोरा उभा राहून, वरचा फवारा सुरू केला. “मेले गं माय,” म्हणून तिने जी किंकाळी फोडली, ती आजही माझ्या कानांत आहे. मी वळलो, तर तिने माझ्या गालावर नखे ओढली आणि डोळे मोठे करून विचारले, “कोण हायेस तू?” पाहुणे आले, जेवून गेले. माय दोन दिवस भिंतीकडे तोंड करून बसली. ती स्वच्छ होती. पण आम्हां नवराबायकोला जेवण गोड लागले नाही.

त्या आठवड्यातच एका सकाळी मी बादली भरीत होतो. पाणी काठावरून सांडले. माय उंबऱ्यात उभी होती. एकाएकी ती पुढे आली, वाकून फरशीवरच्या पाण्याला तिने हात लावला आणि रडवेल्या आवाजात म्हणाली, “किती नासलंस रं पाणी. लेकरायला काय पाजू आता?”

मी तिथेच खाली बसलो. ती कुठे आहे, हे मला त्या क्षणी कळले. ती 1972 मध्ये होती.

1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांना वेगळे सांगायला नको. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. आड आटले, विहिरींचे तळ उघडे पडले, गुरे छावणीला गेली नाही तर बाजारात. अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो आम्ही खाल्ला, दुष्काळी कामावरची सुकडी खाल्ली. माय रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई आणि परतताना दोन कोसांवरून एक घागर आणी. त्या घागरीचा हिशेब ठरलेला होता. आधी आम्हां भावंडांच्या तोंडात, मग स्वयंपाकात. भांडी विसळलेले पाणी शेळीला. आम्हांला आठवड्याने एक तांब्या अंगावर मिळे. ती स्वतः लुगड्याचा पदर ओला करून अंग पुसून घेई आणि विचारले तर म्हणे, “झाली माझी आंगूळ.”

तेच वाक्य! ते खोटे नव्हते आणि हट्टाचेही नव्हते. लेकरांच्या तोंडचे पाणी अंगावर ओतून घ्यायला ती तयार नव्हती. त्यात 2016 साल ताजे होते. त्या एप्रिलात शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणले, आमच्या गावात टँकरपुढे हंड्यांच्या रांगा लागल्या. 2018 मध्ये पाऊस पुन्हा रुसला. अलीकडच्या आठवणी आधी पुसल्या जातात आणि जुन्या मागे राहतात, हे या आजाराचे लक्षण डॉक्टरांनी सांगितले होते. पण जुनी आठवण म्हणजे लग्नकार्ये आणि सणवारच, असे मी धरून चाललो होतो. दुष्काळही आठवणीत राहतो, हे मास्तर विसरला.

दुसरा धडा मावशीने दिला. ती मायहून पाच वर्षांनी धाकटी. भेटायला आली होती. आम्ही तिला आमची फजिती सांगितली, तर ती पदर तोंडाला लावून हसली आणि मग रागावली. “तिला उघडी करता व्हय रे? गंगंवर कुणी उघडं न्हातं का?”

गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. गंगेवर न्हाणाऱ्या बाया लुगड्यानिशी पाण्यात उतरतात. ओले लुगडे अंगावर असतानाच कोरडे वरून गुंडाळायचे आणि आतले अलगद सोडायचे, ही कला प्रत्येक मुलगी आईच्या शेजारी उभी राहून शिके. लग्नानंतर माय आमच्या गावी आली, तर तिथे परसात चार तट्ट्यांची न्हाणी. वर आभाळ, खाली दगड, आणि अंगावर लुगडे. म्हणजे माझ्या मायने आयुष्याची सत्तर वर्षे वस्त्राशिवाय अंघोळ केलीच नव्हती. पुढे आम्ही घर बांधले, पांढऱ्या फरशीची खोली केली, भोवती भिंती घातल्या, वर दिवा लावला, आणि सुधारणा झाली म्हणून समाधान मानले. ती शहाणी होती तोवर तिने ते सोसून घेतले. आता सोसण्याची शक्ती गेली आणि जुने शील तेवढे शिल्लक राहिले.

मग मला इतिहासाचा जुना नाद लागला आणि मी भांड्यांपासून सुरुवात केली. न्हाणे हा शब्द संस्कृत स्नानाचाच लेक. घागर आणि तांब्या हेही घरचेच. हौद आणि हमाम अरबीतून आले. आमच्या निजामी मुलखात ते जरा अधिकच रुळले. बादली आली पोर्तुगिजांकडून, आणि बाथरूम इंग्रजांकडून. पाचशे वर्षांचे राजकारण न्हाणीत असे दाटीवाटीने उभे आहे. माय मात्र मागे मागे जात घागर-तांब्यापाशी पोचली होती. बादली पाहिली की ती बावरे. पितळी घागर पाहिली की तिचा हात आपोआप तिच्या गळ्याकडे जाई. आम्ही माळ्यावरून घागर काढली, चिंचेने घासून लखलखीत केली. बादली न्हाणीतून गेली.

तरीही मुख्य प्रश्न उरलाच. दुसऱ्याच्या हातून अंघोळ करून घेणे हा अपमान वाटतो, त्याचे काय? हा प्रश्न तिच्या मनात होता तसा माझ्याही मनात होता. मुलाने आईला न्हाऊ घालायचे म्हणजे काही तरी उलटेच, असे वाटे. इथे मला जुन्या ग्रंथांनी हात दिला.

आपल्याकडे दुसऱ्याच्या हातची अंघोळ हा मोठा मान होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1130 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा ग्रंथ केला. त्यात राजाच्या उपभोगांत ‘स्नानभोग’ म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे: सुगंधी तेल, मर्दन, आवळ्याचे वाटण, आणि पाणी घालणारे निराळे हात. वाग्भटाने तर सर्वांनाच रोज अभ्यंग सांगितला, आणि त्यातही डोके, कान व तळपाय यांना विसरू नये, असे बजावले. अभ्यंगाने म्हातारपण आणि शीण दूर राहतो, हे त्याचे कारण. पंढरीची आषाढी यात्रा आटोपली की विठ्ठलाची प्रक्षाळपूजा होते. भक्तांना दर्शन देत अहोरात्र उभे राहून देव शिणला, म्हणून त्याला गरम पाण्याने न्हाऊ घालतात आणि काढा देतात. देवाला अंघोळ घालताना पुजाऱ्याला संकोच वाटत नाही आणि देवालाही कमीपणा येत नाही.

मायच्या माहेराजवळ, गोदावरीच्या पात्रात पांचाळेश्वर आहे. महानुभाव पंथाचे ते आत्मतीर्थ. त्या वाटेने मी महानुभावांच्या गद्याकडे वळलो आणि ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंच्या चरित्रापाशी थांबलो. 1274 च्या सुमारास चक्रधरस्वामी उत्तरापंथे गेल्यावर नागदेव, म्हाइंभट, महदाइसा, आबाइसा आदी मंडळी वऱ्हाडात ऋद्धिपूरला त्यांच्या गुरूंच्या, गोविंदप्रभूंच्या सेवेला राहिली. 1287 च्या सुमारास प्रभू गेले, तोवर तेराएक वर्षे ही सेवा चालली. प्रभू वयाने वृद्ध. मनाला येईल तिकडे जात, कोणाच्याही घरात शिरून खात, कधी मुलांसारखे खेळत, कधी सेवकांवर संतापत. एकच गोष्ट करा म्हणत आणि करू नका म्हणत. परके लोक त्यांना वेडे म्हणत; गावातली माणसे त्यांनाच आईबाप मानीत. पंथाच्या श्रद्धेने ते परब्रह्माचे अवतार आणि त्यांचे वागणे ही लीला. तिला आजाराचे नाव लावण्याचा विचारही माझ्या मनाला शिवला नाही. मी पाहत होतो तो सेवा करणाऱ्या माणसांकडे. आद्य मराठी कवयित्री म्हणून जिचा गौरव होतो ती महदाइसा, सातशे वर्षांपूर्वी, एका वृद्धाचे ‘मर्दनामादणे’, म्हणजे तेल चोळून घातलेले न्हाण, ज्या घरात रोज मनोभावे होत असे, त्या घरातली होती. तिथल्या मंडळींना प्रभूंची नकारघंटा रोज ऐकावी लागे. ती रुसली नाहीत, त्यांनी ओढाताण केली नाही. प्रभूंच्या मनाचा कल पाहून थांबायचे, पुन्हा विचारायचे, असा त्यांचा क्रम. स्वामींच्या जागी माणसाला बसवू नये हे खरे. पण स्वामींची सेवा करणाऱ्यांपासून माणसाची सेवा शिकायला कोणाची हरकत असणार?

विशेष म्हणजे, आजचे शास्त्रही फिरून तिथेच आले आहे. अमेरिकेत ऑरेगन आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतल्या वृद्धाश्रमांत स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या अंघोळीवर एक प्रयोग झाला. तो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना त्यांच्या कलाने, अंग झाकून, बोलत बोलत फवाऱ्याखाली न्हाऊ घातले. काहींना बिछान्यावरच कोमट ओल्या पंचांनी पुसून काढले. मारणे-ओरबाडणे असे प्रकार पहिल्या रीतीत शेकडा 53 नी आणि दुसऱ्या रीतीत शेकडा 60 नी कमी झाले. ते वाचून मला मायचा ओला पदर आठवला. 1972 मध्ये तिने नाइलाजाने जी अंघोळ केली, तीच तिच्या आजच्या मनाला मानवणारी होती.

तेव्हापासून आमची रीत बदलली. ज्यांच्या घरी असा प्रसंग आहे त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ती सांगतो.

रोजची पूर्ण अंघोळ आम्ही सोडून दिली. आठवड्यातून दोनदा न्हाण, बाकीचे दिवस पुसून घेणे. बगला, स्तनांखालची जागा, जांघा आणि पायांच्या बोटांमधल्या बेचक्या रोज पुसायच्या आणि मऊ फडक्याने कोरड्या करायच्या, कारण ओल राहिली की कातडी सोलते. हे काम माझी पत्नी आणि मावशी करीत. डोके, हात आणि पाय माझ्याकडे. “अंघोळ करतेस का?” हा प्रश्न आम्ही घरातून हद्दपार केला, कारण त्याला “नाही” हे उत्तर ठरलेलेच. त्याऐवजी, “माय, पाणी तापलंय, हात घालून बघ बरं,” एवढेच. एका वेळी एकच गोष्ट सांगायची. सगळे सामान आधी जवळ आणून ठेवायचे, म्हणजे तिला एकटीला सोडून धावावे लागत नाही. न्हाणीत घसरू नये म्हणून खाली खरबरीत पट्टी, भिंतीला धरायला दांडी, बसायला खुर्ची. पाणी आधी आपल्या मनगटावर पाहायचे. सुरुवात पायांपासून करायची, डोके सर्वांत शेवटी, आणि तेही जमले तरच. डोक्यावरून एकदम पडणारे पाणी या माणसांना घाबरवते. अंगावर जुने मऊ लुगडे, आणि ओल्यावर कोरडे गुंडाळायचे, अगदी गंगेवरच्या रीतीने. दातांचा घास मायला जमेना. मग मी तिच्यासमोर बसून माझे दात घासू लागलो. मला पाहून तिचेही बोट हलू लागे.

ती “नाही” म्हणाली, तर आम्ही हसून बाहेर यायचो आणि तासाभराने पुन्हा जायचो. मात्र एरवी तयार होणारे माणूस एकाएकी आडवे येऊ लागले, तर त्याचे काही दुखत असेल, लघवीची जळजळ असेल, पोट साफ नसेल, हे ध्यानात ठेवून डॉक्टरला दाखवावे. आमच्याकडे एकदा तसेच झाले होते. आम्ही आठ दिवस तिच्या हट्टाला नावे ठेवली आणि निघाला लघवीचा विकार.

कधी कशानेच जमत नसे. मग मी देवघरातला बाळकृष्ण ताम्हनात ठेवून तिच्या मांडीशी नेई. नामस्मरण विसरली, तिथी विसरली, पण बाळकृष्णाला अंघोळ घालणे ती विसरली नव्हती. पळीने पाणी घालायची, अंगठ्याने त्याची पाठ चोळायची, इवल्या फडक्याने टिपायची. तिचे हात तसे गुंतले की मी शेजारी बसून तिचे पाय धुऊन घेई. तिचा बाळकृष्ण आणि माझी माय, दोघांची अंघोळ एकाच वेळी उरके. तिच्या ते कधी लक्षात आले की नाही, कोण जाणे.

आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोयता, भांडीकुंडी आणि तान्ही मुले गाडीत चढतात. म्हातारी माणसे मागे राहतात. गल्लीत अशी दोन-तीन घरे होती. मायची अंघोळ जमू लागली तशी माझी पत्नी आणि मावशी त्या घरांतल्या म्हाताऱ्यांकडेही डोकावू लागल्या. आठ दिवसांतून एकदा घागरभर गरम पाणी, नखे काढणे, डोक्याला तेल. यात कसली संस्था नाही आणि वर्गणीही नाही. पोटासाठी ज्यांची लेकरे दूर गेली, त्यांच्यापाशी दोन हात जाऊन बसले, इतकेच. पण हे गावोगाव व्हावे, असे मात्र मला फार वाटते.

2019 ची दिवाळी मला विसरता येत नाही. त्या वर्षी परतीचा पाऊस उशिरापर्यंत झोडपत राहिला. पिकांचे नुकसान झाले, पण विहिरीला पाणी आले. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी मी मायला हाताला धरून विहिरीवर नेले. ती वाकून बराच वेळ आत पाहत राहिली. “भरली का?” तिने विचारले. “भरली, माय.” “लेकरायला पुरंल?” “पुरून उरेल.”

पहाटे आम्ही चुलीवर पाणी तापवले, पणती लावली, रांगोळीत पाट मांडला. तिला पाटावर बसवावे, तर ती बसेना. तेलाची वाटी मात्र तिने माझ्या हातातून काढून घेतली आणि पाटाकडे बोट दाखवले. मी मुकाट्याने बसलो. अठ्ठावन्न वर्षांचा, टक्कल पडलेला मी! तिने टाळूवर तेल थापले. बोटे थरथरत होती, पण वळण तेच. आधी टाळू, मग कानांमागे, मग मानेवर. मध्येच थांबून तिने विचारले, “कुणाचा रं तू?”

“तुझाच, माय.”

“आसू दे,” ती म्हणाली. “डोकं किती कोरडं ठिवलंय.”

माझी पत्नी दाराआड डोळे पुसत होती. तेल लावून झाले, तशी मी तीच वाटी घेतली आणि म्हणालो, “आता तुझी पाळी.” ती हसली आणि पाटावर बसली. मी विचार करीत होतो, या बाईने इतक्या दिवाळ्यांना इतकी डोकी चोळली. तिच्या डोक्यावर कोणी तेल घातले? बाईच्या जातीला दुसऱ्याच्या हातचे न्हाण मिळते ते ठरलेल्या वेळी: जन्मल्यावर, न्हाण आल्यावर, हळद लागल्यावर, बाळंतपणात, आणि मग एकदम शेवटी. मधली सगळी वर्षे तिने दुसऱ्यांना न्हाऊ घालायचे. त्या पहाटे आम्ही तिला सावकाश न्हाऊ घातले. उटण्याचा वास आला तशी तिने डोळे मिटून घेतले. मावशीने जात्यावरची एक जुनी ओवी धरली, तर मायने तिच्यात सूर मिसळला. एक शब्द चुकला नाही. घागरीत शेवटी दोन तांबे पाणी उरले. मी ते तिच्या पाठीवर घालणार, तोच तिने माझा हात धरला. “उरलेलं तुळशीला घाल,” ती म्हणाली.

माय 2022 च्या हिवाळ्यात गेली. अंगणात तीन दगडांवर पाणी तापले. भावकीतल्या बाया तिला शेवटचे न्हाऊ घालायला बसल्या. माझी पत्नी घागर घेऊन आली आणि सवयीने म्हणाली, “कोमट आहे ना, बघा. आत्याबाईंना गार चालत नाही.” कोणी हसले नाही. एका म्हातारीने खरोखरच मनगटावर पाणी पाहिले आणि मान हलवली.

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा घरोघर उटण्याच्या पुड्या आल्या असतील. यंदा पहिले तेल घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसाच्या डोक्यावर घाला. त्याने आयुष्यभर पाणी कुठे भरले, कसे पुरवले, न्हाताना अंगावर काय असे, हे विचारून ठेवा, तो सांगू शकतो तोवर. पुढे ते तुमच्या कामी येईल. आमच्याकडे आता पाटावर नातवंडे बसतात आणि दंगा करीत न्हातात. सगळ्यांच्या अंघोळी झाल्या की घागरीच्या तळाशी दोन तांबे पाणी आम्ही मुद्दाम राखतो. धाकटी नात ते हळूच नेऊन तुळशीला घालते.